घाटावरची नेमणूक: पुण्यातल्या निर्माल्याचं एक प्रकरण

विसर्जनाच्या दिवशी पुण्यात मुठेच्या घाटांवर हातमोजे घातलेली दोन प्रकारची माणसं उभी असतात. कॉलेजची मुलंमुली आणि कंपन्यांतून आलेले कर्मचारी हे स्वयंसेवक. त्यांच्या शेजारी ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद असलेल्या कचरावेचक बायका. काम दोघांचं एकच दिसतं: घरोघरचं निर्माल्य नदीत पडण्याआधी हातात घ्यायचं आणि वेगळं करायचं. स्वयंसेवकांचं काम त्या रात्री संपतं. बायकांना दुसऱ्या दिवशी सकाळी याच लोकांच्या दारात ओला-सुका घ्यायला जायचं असतं.

हा उपक्रम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याच्याबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक वेळा पर्यावरणाच्या अंगाने: किती टन निर्माल्य आलं, किती खत झालं. मला तो कामावर घेण्याचं प्रकरण म्हणून बघावासा वाटतो. ‘स्थानिकांना काम द्या’ हे प्रत्येक मंडळ म्हणतं, प्रत्येक नगरसेवक म्हणतो, बिल्डरच्या माहितीपत्रकातही ते असतं. ही मागणी कधी खरी उतरते आणि कधी नुसती फ्लेक्सवर राहते, ते घाटावर चांगलं दिसतं. माझं म्हणणं थोडक्यात असं की उत्सवातल्या एका दिवसाचं काम वर्षभराच्या हक्काला जोडलेलं असेल तरच त्याला समावेश म्हणता येईल. तसं नसेल तर ती एका दिवसाची मजुरी झाली, आणि वर फोटो.

एका पिशवीत काय असतं

निर्माल्याच्या पिशवीत फुलं असतात, असं ज्याने ती कधी उघडली नाही त्याला वाटतं. बहुतेक वेळा ती गाठ मारलेली कॅरीबॅग असते. फाडली तर आतलं पाणी अंगावर येतं, म्हणून गाठ सोडवायची. आत दहा दिवसांच्या दूर्वा, जास्वंदी, केवड्याची पात, शमी-आघाड्याची पत्री, सगळं चिकटलेलं आणि आंबायला लागलेलं. झेंडूच्या हाराचा दोरा ओढून काढावा लागतो, कारण तो खतात लवकर कुजत नाही आणि श्रेडरच्या पात्यात गुंडाळला जातो. झिरमिळ्यांचा सोनेरी हार वेगळा. नारळ एका बाजूला, धड असलेली फळं दुसऱ्या बाजूला. विड्याची पानं, अक्षता, कापसाची वस्त्रं फुलांबरोबर चालतात. उदबत्तीची पाकिटं आणि कापराची डबी सुक्यात. मखराच्या टाचण्या कुठे असतील सांगता येत नाही, त्या बोटात घुसल्यावरच कळतात. अधूनमधून तडकलेल्या काचेची देवाची तसबीर निघते. जुनी तसबीर कचऱ्यात टाकवत नाही, घरात ठेववत नाही, म्हणून लोक ती निर्माल्यात घालतात.

स्वयंसेवक पिशवी उलटी करतो आणि मग वेचत बसतो. सवयीची बाई हाताला लागलेल्या वजनावरूनच आत नारळ आहे की तसबीर ते ओळखते, आणि गाठ सोडतानाच काय कुठे जाणार हे तिचं ठरलेलं असतं. वर्गीकरण ही कसबाची गोष्ट आहे, पण कुठल्याही जाहिरातीत ‘कुशल’ या रकान्यात ती येत नाही.

दुसरं एक कौशल्य याहून अवघड आहे. निर्माल्य घेऊन आलेल्या माणसाला ते पाण्यातच सोडायचं असतं, कारण त्याच्या आजोबांनी तसंच सोडलं. त्याला प्रदूषणाचं व्याख्यान दिलं तर तो चिडतो. बाई म्हणते, “दादा, द्या इकडं. पायदळी नाही जाऊ देणार, खत करतो त्याचं.” त्याची खरी भीती पायदळी जाण्याचीच असते आणि तिने नेमकं तिथेच बोट ठेवलेलं असतं. तो पिशवी देतो.

इथे क्षणभर थांबायला हवं. शहरातल्या पुष्कळ घरांत कचऱ्याची बादली उंबऱ्याबाहेर ठेवतात, म्हणजे द्यायला-घ्यायला हाताशी हात लागायला नको. घाटावर त्याच हातात देवाच्या अंगावरचं निर्माल्य दिलं जातं. यातून जात गळून पडते असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईकडे वर्षभर मान वर करून पाहिलं नाही, तिला “मावशी, तुम्ही आमच्या गल्लीतल्या ना?” असं विचारणारे लोक निघतात. उत्सवाने साधलं ते एवढंच, आणि ते कमी नाही.

नेमण्याआधी त्या होत्याच

स्थानिक भरतीच्या योजना साधारण रिकाम्या जागेपासून सुरू होतात: जागा आहे, आता वस्तीतलं कोण मिळतंय पाहू. पुण्यात उलटं होतं. माणसं होती, काम होतं, फक्त त्या दोघांमधलं नातं कुणी मान्य करत नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर भागातून अनेक कुटुंबं पुण्यात आली. त्यांतल्या बायका, मुख्यतः मातंग आणि नवबौद्ध, कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून भंगाराच्या दुकानात विकू लागल्या. कुत्री, पोलीस, चोरीचा आळ आणि भंगारवाल्याचा काटा यांच्याशी त्यांची रोजची गाठ. नव्वदीच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या कार्यकर्त्या वस्त्यांत जाऊ लागल्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची युनियन उभी राहिली. हमालांना संघटित करणाऱ्या माणसाला कचरा वेचणारी बाई हीदेखील कामगार आहे, हे कुणी पटवून द्यावं लागलं नसणार.

पंचायतीने आधी मागितलं ते ओळखपत्र. पगार नव्हे, योजना नव्हे, एक कार्ड. नव्वदीच्या मध्यावर महापालिकेने त्या कार्डावर आपली मान्यता उमटवली. पोलिसाने हटकलं तर दाखवायला कागद आला. पुढे काही वर्षांनी महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली.

मग २००० साली केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले आणि दारोदार कचरा गोळा करणं शहरांवर बंधनकारक झालं. ऐकायला चांगली गोष्ट. कुंडीवर जगणाऱ्या बाईच्या दृष्टीने अर्थ असा की कुंडी जाणार, गाडी येणार, आणि गाडीतल्या मालावर ठेकेदाराचा हक्क. सुधारणा झाली की पहिला कोण बाहेर फेकला जातो, ते अशा वेळी कळतं. पंचायतीचं उत्तर साधं होतं: दारात जायचंच असेल तर आम्हीच जाऊ. २००५ च्या सुमारास काही प्रभागांत प्रयोग झाला, ‘स्वच्छ’ ही सभासदांच्याच मालकीची सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. आज साडेतीन हजारांहून अधिक सभासद शहरातल्या लाखो घरांत जातात. त्यांत बहुसंख्य बायका आहेत.

पैसा कुठून कुठे जातो

या प्रकरणाचा कणा इथे आहे, म्हणून जरा तपशिलात.

ठेकेदाराच्या गाडीला बहुतेक ठिकाणी टनामागे पैसे मिळतात. त्यामुळे जितकं वजन जास्त तितकं बिल मोठं. ओला-सुका वेगळा झाला आणि पुठ्ठा-प्लास्टिक आधीच बाजूला निघालं तर वजन घटतं, म्हणजे गाडीवाल्याचं नुकसान. कचरावेचकाचं गणित याच्या अगदी विरुद्ध आहे. तिला घरटी सेवाशुल्क मिळतं आणि सुक्यातला विकण्याजोगा माल तिचा असतो. जितकं जास्त ती वेगळं काढेल, तितकी तिची कमाई. शहराला हवं ते वर्गीकरण आणि तिला हवा तो पैसा एकाच दिशेला जातात. समाजसेवेच्या भाषेत हे सांगितलं जातं तेव्हा मला चुटपूट लागते, कारण हा आधी चांगला व्यवहार आहे. पुण्याचा कचरा डेपो जिथे होता त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा डेपोत कमी कचरा जाणं ही किती मोठी गोष्ट आहे ते अख्ख्या पुण्याला कळलं होतं.

आता बाईच्या बाजूने हिशेब. समजा दोघीजणींकडे मिळून ३०० घरं आहेत आणि घरटी महिन्याला ७० रुपये ठरलेत. सगळ्यांनी दिले तर २१,००० रुपये, प्रत्येकीला १०,५००. आता पाचातल्या एका घराने दिलेच नाहीत. १६,८०० जमतात, प्रत्येकीच्या हाती ८,४००. “पुढच्या महिन्यात या”, “साहेब घरी नाहीत”, “आम्ही टॅक्स भरतो की”, या तीन वाक्यांची किंमत प्रत्येकीला दर महिन्याला २,१०० रुपये. वर भंगाराची विक्री, आणि तिचा भाव बाजारावर. पुठ्ठ्याचा दर पडला की घरात तेल कमी येतं.

महापालिकेच्या कायम झाडणकामगाराचा पगार, रजा, फंड हे यांच्यापासून फार दूर आहे. ‘स्वच्छ’च्या सभासद महापालिकेच्या नोकर नाहीत. सुट्टी घ्यायची तर बदली बाई स्वतः शोधायची, तिचे पैसे स्वतः द्यायचे. म्हणून या प्रारूपाचं कौतुक करताना आवाज जरा बेताने चढवावा. शहराला हे स्वस्तात पडतं, कारण जोखमीचा मोठा भाग बाईच्या खांद्यावर आहे.

तरीही ते टिकलं, आणि टिकण्याचं कारण करारात आहे. त्यात घरं कुणाची, शुल्क कुणाचं, माल कुणाचा आणि ढकलगाड्या, हातमोजे, वर्गीकरणाची शेड कुणी द्यायची, हे लिहिलेलं होतं. करार डळमळला की सगळंच डळमळतं. २०२० च्या अखेरीस मुदत संपली, तेव्हा हे काम गाड्या असलेल्या खासगी ठेकेदारांकडे द्यावं असा आग्रह महापालिकेत जोर धरू लागला. काही काळ सगळं तात्पुरत्या मुदतवाढीवर चाललं. बायका रस्त्यावर आल्या. त्यांच्या बाजूने नागरिकही उभे राहिले, आणि तो पाठिंबा आकाशातून पडला नव्हता. लॉकडाऊनमध्ये सगळं शहर दार लावून बसलं असताना रोज दारात येणारी बाई लोकांनी पाहिली होती. घाटावरची ओळखही त्या खात्यात जमा असावी, असा माझा अंदाज आहे.

मंडळं आणि कायद्यातलं एक कलम

२०१६ च्या घनकचरा नियमांत एक तरतूद होती, जी फार कमी मंडळांनी वाचली असेल. परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, आणि कचरा जागेवरच वेगळा करून नेमलेल्या संकलकाच्या हाती द्यायचा, ही आयोजकाची जबाबदारी. त्याच नियमांनी कचरावेचकांची व्याख्या केली आणि त्यांच्या संघटनांना व्यवस्थेत सामावून घ्यायला स्थानिक संस्थांना सांगितलं. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या तर गल्लीतल्या महाप्रसादाचा कचरा हा गल्लीतल्या बाईच्या कामाचा विषय होतो, आणि कामाचा विषय झाला की मोबदल्याचाही.

प्रत्यक्षात काय होतं? उत्सवात मंडप, ध्वनी, प्रकाश, ढोल-ताशा, जेवण या प्रत्येकाची कोटेशनं येतात, ॲडव्हान्स दिला जातो, पावती फाटते. सफाईचं कोटेशन नसतं. महाप्रसादाच्या रात्री द्रोण-पत्रावळींचा ढीग पडतो आणि सकाळी नेहमीची मावशी येते तेव्हा तिच्या रोजच्या फेरीत तो आपोआप धरला जातो. वर कार्यकर्ता सांगतो, “मावशी, दुपारी प्रसादाला या.” सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण कॅटररला आपण प्रसादावर राबवत नाही.

मग समारोपाच्या दिवशी ‘स्वच्छतादूतां’चा सत्कार. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण. एका वस्तीतल्या बाईने कपाटातल्या शालींचा गठ्ठा मला दाखवला होता. थंडीत पांघरायला त्या पातळ, विकायला कुणी घेत नाही. ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, हसत होती. माझ्या मते सत्कार बंद करायला हरकत नाही. मंडळांना वाईट वाटेल, पण बायकांना वाटणार नाही.

निर्माल्याच्या उपक्रमातसुद्धा हा ताण आहेच. टोपी आणि टी-शर्ट स्वयंसेवकाला, कॅमेराही त्याच्याकडे वळतो. कंपनी आपल्या सामाजिक जबाबदारीच्या अहवालात त्याचे तास मोजते. बाईचे तास कुणाच्या अहवालात येतात? जिथे संयोजन नीट असतं तिथे तिला त्या दिवसाचं मानधन वेगळं मिळतं आणि स्वयंसेवकाला सुरुवातीलाच सांगितलं जातं की इथे मुख्य माणूस ती आहे, तुम्ही तिच्या हाताखाली. नसतं तिथे मुलं तासाभराने दमून सेल्फी काढतात आणि ढीग तसाच तिच्यापुढे येतो. स्वयंसेवकांची मला गरज वाटते ती एकाच प्रकारच्या कामासाठी: लोकांना रांगेत थांबवणं, पिशव्या रिकाम्या करून घेणं, आणि कुणी पाण्याकडे पळालाच तर गोड बोलून वळवणं. पिशवीत हात घालणं हे ज्याचं पोट त्यावर आहे त्याचं काम. त्याचा दाम द्यावा.

एक अवघड आक्षेप

या प्रकरणावर सर्वांत गंभीर आक्षेप आंबेडकरी चळवळीतून येतो आणि तो बाजूला सारता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या घाण उपसण्याचं काम ज्यांच्या माथी मारलं, त्यांनाच तेच काम ओळखपत्रासह दिलं, तर याला समावेश म्हणायचं की जातीच्या कामाला सहकारी संस्थेचं लेटरहेड?

संघटनेतल्या बायकांकडून मी याची दोन वेगळी उत्तरं ऐकली आहेत. एक म्हणते, कुंडीत कमरेएवढं उतरण्यापेक्षा दारात उभं राहून वेगळा केलेला कचरा घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक लढून मिळवलाय. दुसरी म्हणते, माझ्यापर्यंत ठीक, लेकीने यात यायचं नाही. घराघरांत मात्र अनेकदा सासूची घरं सुनेकडे जातात, कारण ठरलेली घरं म्हणजे मिळकतच आहे आणि मिळकत कुणी सोडत नाही. हक्क जितका पक्का, तितका पुढच्या पिढीला बांधणारा. हा पेच करारातल्या कुठल्याही कलमाने सुटत नाही. तो सुटला तर मुलांच्या फीने, वह्यांनी, शिष्यवृत्तीने सुटेल, आणि पंचायतीने मुलांच्या शिक्षणावर सुरुवातीपासून जोर दिला तो म्हणूनच.

माझा कल पहिल्या उत्तराकडे आहे, पण एका अटीवर. हे काम सोडून जायची वाट उघडी असेल, तरच त्याला हक्क म्हणावं. आणि वाट उघडी ठेवायची तर मंडळाला कचऱ्यापलीकडच्या कामांतही याच घरातली माणसं दिसायला हवीत. मंडपाचा हिशेब लिहायला कॉमर्सचा पोरगा लागतो, नोंदणीच्या टेबलावर संगणक येणारी मुलगी लागते, दहा दिवस रात्रपाळीला राखणदार लागतो. ही कामं आपल्या ओळखीतल्यांना जातात आणि वस्तीला झाडू येतो. स्थानिक भरती म्हणजे फक्त खालच्या पायरीची भरती, असं आपण न बोलताच धरून चालतो.

कागदावर काय हवं

आमच्या भागातल्या एका मंडळाने सल्ला विचारला तेव्हा जे सांगितलं ते इथे देतो. वर्षभर त्या गल्लीत येणाऱ्या बाईला आधी विचारा. तिला जमणार नसेल तर ती आपल्या ओळखीतली दुसरी देईल, बाहेरून टेम्पो भरून माणसं आणू नका. काम सुरू व्हायच्या आत माणसं किती, तास किती, दर काय, हे एका कागदावर लिहा आणि त्यावर अध्यक्षाची सही घ्या. पैसे त्याच रात्री द्या, “हिशेब झाल्यावर” नको. पुठ्ठा, बाटल्या, फ्लेक्सचे बांबू, यांतलं विकण्याजोगं तिचं, हेही लिहा, नाहीतर मंडपवाला घेऊन जातो. नारळांचं आधीच ठरवा; त्यावरून भांडणं होतात.

मंडळाने बहुतेक गोष्टी मान्य केल्या. खजिनदार अडला तो दोनच बाबींवर. एक, मिरवणुकीच्या रात्री बस बंद असते तेव्हा बायकांना घरी सोडायला रिक्षाचं भाडं. दुसरी, बायकांसाठी जवळपास चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, किल्ली कुणाकडे ते ठरवून. रिक्षाचं तो दुसऱ्या बैठकीत कबूल झाला. स्वच्छतागृहाचं काम क्षेत्रीय कार्यालयाकडे आहे असं सांगून त्याने अर्ज करायला लावला. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे.